मुंबई सिटी: दोन शील्ड, दोन कप, आणि मालक पुन्हा तेच दोघे

बाकावरचा | २७ डिसेंबर २०२५

काल पत्रक आलं. सिटी फुटबॉल ग्रुपने (मँचेस्टर सिटीचे मालक) मुंबई सिटी या फुटबॉल क्लबमधला आपला सगळा हिस्सा सोडला. कारण दोन ओळींत: व्यावसायिक आढावा घेतला, आणि आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) भवितव्याचा भरवसा नाही. २८ नोव्हेंबर २०१९ला ६५ टक्के घेतल्याची घोषणा झाली होती, उरलेले ३५ रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे होते. आता पूर्ण क्लब परत त्या दोघांकडे.

आनंद मानायचा की सुतक पाळायचं, ठरत नाहीये. म्हणून धागा.

२०१४ ते २०१९ या काळात याच दोन मालकांच्या हाताखाली क्लबने एकही करंडक जिंकला नाही. पहिल्या वर्षी पीटर रीड प्रशिक्षक, संघात युंगबर्ग आणि आनेल्का, आणि आठ संघांत सातवा नंबर. दुसऱ्या वर्षी आनेल्कालाच खेळाडू-प्रशिक्षक केला. २०१६ला फोरलान आला, गिमारायसने संघ गुणतक्त्यात पहिला आणला आणि उपांत्य फेरीत कोलकात्याने घरी पाठवलं. २०१८-१९ला जॉर्ज कॉस्टाने पुन्हा उपांत्य फेरी गाठून दिली, तर पहिल्याच लेगमध्ये (दोनपैकी पहिल्या सामन्यात) अंधेरीत गोव्याकडून १-५. (कॉस्टा यंदा ऑगस्टमध्ये गेले. भला माणूस, त्यांच्या वाट्याला नीट श्रेय आलं नाही.)

आणि २०१९ नंतर? २०२०-२१ला शील्ड (साखळीत पहिलं येण्याची) आणि कप (बाद फेरी जिंकण्याचा) दोन्ही. २०२२-२३ला शील्ड. २०२३-२४ला कप. मध्ये एप्रिल २०२२ला रियाधमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जावियाला २-१ने हरवलं, आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब. गटात ७ गुण, दुसरं स्थान.

म्हणजे हिशेब सरळ आहे, ग्रुप आला आणि करंडक आले. तरी सहा वर्षांत हा क्लब आपला वाटण्याऐवजी कुठल्यातरी मोठ्या कंपनीची अंधेरी शाखा वाटत राहिला. शाखा बंद झाली तर हेड ऑफिसला काय फरक पडतो?

जाणकारांनी लिहावं. नुसतं «पैसेवाले गेले, संपलं» नको.

---

आकडेमोड | २७ डिसेंबर

चांगला धागा. एक दुरुस्ती करतो: करंडक नुसत्या पैशाने आले नाहीत. आयएसएलमध्ये संघाच्या पगारावर मर्यादा असते, त्यामुळे थैली उघडून सगळे विकत घेता येत नाहीत. ग्रुपने आणलेली गोष्ट वेगळी होती, निवडीची शिस्त. कुठला खेळाडू, कुठल्या जागेसाठी, किती वर्षांच्या कराराने, आणि तो गेला तर त्या जागी कोण, हे आधी ठरलेलं असायचं.

प्रशिक्षकच बघा. पहिली नेमणूक लोबेरा, आधी एफसी गोव्याचा प्रशिक्षक. तो भारतात आधीच तीन हंगाम काढलेला, म्हणजे जोखीम कमी. तो गेल्यावर ऑक्टोबर २०२१ला डेस बकिंगहॅम, ग्रुपच्याच मेलबर्न सिटीतला सहायक. नोव्हेंबर २०२३ला इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडने त्याला हंगामाच्या मधोमध उचललं, तर पुन्हा मेलबर्न सिटीचाच सहायक, पेत्र क्रात्की. तिघांचा खेळ साधारण एकाच घराण्यातला: मागून बांधणी, बाजू रुंद, चेंडू गेला की लगेच दाब. खेळाडूंना दर वेळी मुळाक्षरं नव्याने गिरवावी लागली नाहीत. मे २०२४मध्ये ४ तारखेला क्रात्कीने सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून कप उचलला आणि १८ तारखेला बकिंगहॅमने ऑक्सफर्डला वेम्बलीत जिंकून चॅम्पियनशिपमध्ये (तिथल्या दुसऱ्या पातळीवर) नेलं. एकाच महिन्यात आजी-माजी दोघेही जिंकले, योगायोग म्हणायचा तर म्हणा.

२०२२-२३चे आकडे एकदा परत वाचा: २० सामने, ५४ गोल, ४६ गुण, पहिले १८ सामने अपराजित. शील्ड नक्की झाली आणि शेवटचे दोन हरले, मग बंगळुरूने उपांत्य फेरीत पेनल्टीवर ९-८ने काढलं. कप गेला तो गेला, पण साखळीत इतका देखणा संघ या लीगने क्वचित पाहिलाय.

आता प्रश्न असा की ही शिस्त माणसांत होती की संगणकात? स्काउटिंगचा डेटा, व्हिडिओ विश्लेषण, परदेशी खेळाडूंची छाननी ही सगळी ग्रुपची यंत्रणा. ती गेली. क्लबच्या कचेरीत बसणारी माणसं आणि क्रात्की राहिले तर एक-दोन वर्षं सवयीवर निघतील. पुढचा परदेशी खेळाडू एजंटने पाठवलेली चित्रफीत बघून घेतला गेला, की समजायचं, २०१५ परत आलं.

---

मडगावकर | २८ डिसेंबर

२०१५चं नाव काढलंतच म्हणून. १७ नोव्हेंबर २०१५, फातोर्डा, एफसी गोवा ७, मुंबई ०. डुडू आणि हाओकिप, दोघांच्याही हॅटट्रिक. बस्स, एवढंच सांगायचं होतं.

आता गंभीरपणे. तुम्ही ज्याला निवडीची शिस्त म्हणता तिची पहिली खेप आमच्या घरातून गेली. २०२०ला आम्ही साखळीत वर असताना लोबेराला काढलं, ही चूक आमचीच. पण मागोमाग फाल, जाहू, बूमूस आणि आमचा मंदार राव देसाई, चौघेही मुंबईत. संघाचा कणा, मेंदू आणि डावी बाजू एका पावसाळ्यात उचलली. बूमूससाठी तर करारातली बायआउटची (करार सोडवून घेण्याची) रक्कम भरून. नियमात होतं, तक्रार नाही. पण «आमची यंत्रणा» म्हणून छाती काढाल तेव्हा पहिल्या दुहेरीचा पाया गोव्यात घातला गेला होता हे ध्यानात असू द्या.

२४ एप्रिल २०२४ अजून आठवला की पोटात कालवतं. उपांत्य फेरी, पहिला लेग, फातोर्डा. बोरिस आणि ब्रँडनचे गोल, ९० मिनिटं होईपर्यंत आम्ही २-०. मग मुंबईचे छांगटे ९०, विक्रम प्रताप ९०+१, छांगटे ९०+६. सहा-सात मिनिटांत ३-२. झालं काय, तर आमचे बचावपटू खोल सरकले आणि मधली फळी वरच राहिली. मध्ये पंचवीस-एक मीटरची मोकळी पट्टी पडली आणि तिथे मुंबईवाल्यांना चेंडू घेऊन वळायला वेळच वेळ. दमलेला संघ आघाडी राखताना हेच करतो. आणि गंमत, पुढच्या हंगामात ब्रँडनही मुंबईकडे.

तरी तुमचा ग्रुप गेला याचा आनंद नाही. या महिन्यात सुपर कपच्या उपांत्य फेरीत तुम्हाला २-१ने हरवलं, पुढे ईस्ट बंगालला पेनल्टीवर हरवून कप घेतला, पण भांडायला शेजारी नसेल तर त्या कपाला काय चव?

---

तिसरा मजला | २८ डिसेंबर

मडगावकर, ७-० मान्य, पुढे चला :)

घसरण काल सुरू झालेली नाही. ती २०२४च्या उन्हाळ्यात सुरू झाली आणि ग्रुप तेव्हा मालक होता. म्हणून «ग्रुप होता तोवर उत्तम, गेला की वाईट» ही मांडणी मला पटत नाही.

कप जिंकल्यावर कोण गेलं ते पाहा. अपुइया मोहन बागानला. पेरेरा डियाझ, नोगेरा आणि राहुल भेके बंगळुरूला. ग्रेग स्टुअर्ट त्याआधीच हंगामाच्या मध्यात गेलेला. यातला सगळ्यात महागात पडला तो अपुइया, आणि का ते नीट समजून घेतलं पाहिजे.

मागून बांधणी करणाऱ्या संघाचा सगळा डोलारा एका पासवर असतो: मध्य बचावपटूकडून खोल उभ्या मध्यरक्षकाला. हा पास घेताना त्याची पाठ प्रतिस्पर्ध्याकडे असते. अपुइया चेंडू यायच्या आधी दोनदा खांद्यावरून मागे बघायचा, लांबच्या पायावर चेंडू घ्यायचा आणि त्याच स्पर्शात अर्धा वळायचा. दुसऱ्या स्पर्शाला चेंडू छांगटे किंवा बिपिनच्या वाटेत. म्हणजे दोन स्पर्शांत प्रतिस्पर्ध्याची पहिली फळी बाद. तो नसताना काय झालं? चेंडू घेतला, दाब आला, परत मागे दिला. मागच्याने आडवा दिला. चौथ्या पासाला बॅक बाजूच्या रेषेशी अडकला आणि लांब फटका. चेंडूचा ताबा आकड्यांत भरपूर दिसतो, गोल मात्र होत नाहीत.

परिणाम २०२४-२५: २४ सामने, ९ विजय, ९ बरोबरी, ६ पराभव, ३६ गुण, सहावं स्थान. नऊ बरोबऱ्या हाच तो रोग. आणि २९ मार्चला कांतिरवावर बंगळुरूकडून ०-५. तिथे पहिल्या गोलनंतर संघाकडे दुसरी योजनाच नव्हती.

या उन्हाळ्यात बिपिन ईस्ट बंगालला आणि मेहताब मोहन बागानला गेला. बिपिन म्हणजे दोन्ही कप फायनलमध्ये गोल करणारा माणूस. २०२१ची फायनल ९०व्या मिनिटाला १-१, लांब चेंडू आला, मोहन बागानचा बचावपटू तिरी याचा अंदाज चुकला, त्यांचा गोलरक्षक जागा सोडून पुढे, आपल्या ओगबेचेने चेंडू हिसकावून आडवा सरकवला आणि बिपिनने एक स्पर्श घेऊन आत मारला. त्याच फायनलमध्ये तिरीच्या नावावर स्वयंगोलही होता. तो पुढे मुंबईचाच आधारस्तंभ झाला, हे फुटबॉलच करू जाणे.

---

पेठेतली | २९ डिसेंबर

कोल्हापुरातून लिहितेय, त्यामुळे थोडी वेगळी बाजू.

महाराष्ट्रात क्लब हरल्यामुळे मरत नाहीत, मालकाला कंटाळा आला की मरतात. महिंद्रा युनायटेड: २००५-०६चा राष्ट्रीय लीग विजेता, २०१०ला बंद. पुणे एफसी २०१५ला गुंडाळला. एफसी पुणे सिटी २०१९ला संपला आणि त्याची आयएसएलमधली जागा हैदराबादला गेली. डीएसके शिवाजीयन्स आले तसे गेले. कूपरेजवर खेळणारा मुंबई एफसी २०१६-१७ला आय-लीगच्या तळाला गेला आणि संपला, आणि ज्या खालिद जमीलने तिथे वर्षानुवर्षं संघ तगवला होता त्याने त्याच हंगामात ऐझॉलला विजेतेपद मिळवून दिलं. आज ते भारताचे प्रशिक्षक आहेत.

या यादीत मुंबई सिटीचं नाव अजून नाही, याचं श्रेय आता कपूर-पारेख जोडीला द्यायला हवं. लीग कधी सुरू होणार माहीत नाही, प्रक्षेपणाचा करार नाही, मोठा भागीदार उठून गेलाय, अशा वेळी शंभर टक्के ओझं परत अंगावर घेणं ही साधी गोष्ट नाही. कुलूप लावणं स्वस्त पडलं असतं.

आमच्याकडे पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल या संघांना मालक नाही. तालीम आहे, पेठ आहे. वर्गणी, बक्षिसाची रक्कम, परिसरातले देणगीदार यांवर चालतं. नेतृत्वावरून भांडणं आमच्यातही होतात आणि शाहू स्टेडियमवर प्रेक्षकांचा राडा होतो तो वेगळाच. पण तालीम विकता येत नाही. मुंबई सिटीची तालीम कुठली, सांगा बघू? मैदानसुद्धा महापालिकेच्या क्रीडा संकुलातलं.

---

बाकावरचा | २९ डिसेंबर

पेठेतली, मैदानाचा मुद्दा वर्मी लागला. पहिले दोन हंगाम नेरूळला डी. वाय. पाटील, २०१६पासून अंधेरीचं शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल. आझाद नगर मेट्रोवरून चालत जाता येतं हा मोठा फायदा, पण आसनं आठ हजारांच्या आतबाहेर. आशियाई सामन्यांसाठी ते चालत नाही, म्हणून नोव्हेंबर २०२३ला सौदीचा अल-हिलाल पुन्हा डी. वाय. पाटीललाच खेळला. (नेमार जखमी, आलाच नाही. ०-२. त्या गटात सहापैकी सहा सामने हरलो. रियाधच्या ७ गुणांनंतर हे दीडच वर्षांनी.)

सहा वर्षांत ग्रुपने मुंबईत स्वतःचं म्हणावं असं स्टेडियम उभं केलं नाही. माझा राग आहे तो इथे. जागेच्या किमती मलाही कळतात, तरीही.

---

करारनामा | ३० डिसेंबर

भावना बाजूला ठेवून पुढच्या काही महिन्यांत नेमकं काय बघायचं ते लिहितो. मालक बदलला की क्लब एका दिवसात कोसळत नाही, ठरावीक क्रमाने कोसळतो.

सगळ्यात आधी पगार. फिफाच्या नियमात खेळाडूचे दोन महिन्यांचे पगार थकले तर तो क्लबला लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत देऊ शकतो. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर करार मोडायला त्याच्याकडे वैध कारण असतं आणि तो मोकळा जातो, वर नुकसानभरपाईचा दावाही करतो. म्हणजे तिसऱ्या महिन्यात तुमचा सगळ्यात महाग खेळाडू फुकट जाऊ शकतो. «अमुक खेळाडूने नोटीस दिली» अशी बातमी आली की बाकी सगळं सोडून तिच्याकडे बघा. या ऑगस्टमध्ये बंगळुरूने पहिल्या संघाचे पगार स्थगित केले होते, इतका मोठा क्लब असून. त्यामुळे हे पुस्तकी बोलणं नाही.

त्यानंतर थकबाकीचे दावे. परदेशी खेळाडू किंवा प्रशिक्षकाने फिफाकडे दावा जिंकला आणि रक्कम ४५ दिवसांत भरली नाही, तर नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी येते. बंदी कमाल तीन खिडक्यांची (खेळाडू नोंदवण्याच्या ठरावीक मुदती), पण पैसे भरले की उठते. भारतात बऱ्याच क्लबांनी हा अनुभव घेतलाय. बंदी असलेला क्लब मुक्त खेळाडूही नोंदवू शकत नाही, हे लोक विसरतात.

तिसरं, परवाना. भारतीय फुटबॉल महासंघाच्या क्लब परवान्यात क्रीडा, सुविधा, कर्मचारी, कायदेशीर आणि आर्थिक असे पाच भाग. युवा संघ, पात्र प्रशिक्षक, लेखापरीक्षित हिशेब, मैदानाचा करार, सगळं कागदावर लागतं. मालकी बदलली की कायदेशीर आणि आर्थिक भागाची कागदपत्रं नव्याने. पैसे वाचवायचे झाले की पहिली कुऱ्हाड युवा संघांवर पडते, कारण त्याचा आवाज होत नाही. तिकडे लक्ष ठेवा.

शेवटी कराराची मुदत. शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी आगाऊ करार करू शकतो. ज्यांचे करार ३१ मे २०२६ला संपतात त्यांच्याशी इतर क्लब आत्ता, आज, बोलू शकतात. छांगटेसारख्या खेळाडूचं नूतनीकरण झालं की नाही, यावरून नव्या-जुन्या मालकांचा मनसुबा पत्रकापेक्षा लवकर कळेल.

---

उजवी बगल | ३० डिसेंबर

करारनामा +१. एकच भर: दोष एकट्या ग्रुपचा नाही आणि एकट्या मालकांचाही नाही. लीगच्या आयोजकांशी २०१०ला झालेला महासंघाचा हक्क-करार १५ वर्षांचा, ७०० कोटींचा. तो ८ डिसेंबरला संपला. जुलैमध्येच लीगच्या आयोजकांनी हंगाम थांबवल्याचं कळवलं होतं. मग महासंघाने निविदा काढली, वर्षाला किमान ३७.५ कोटींची हमी मागितली, आणि ७ नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. एकही. ज्या लीगचे हक्क कोणी घ्यायला तयार नाही, तिथल्या क्लबमध्ये मँचेस्टरमधल्या कंपनीने का थांबावं? त्यांच्या ताळेबंदात ही एक ओळ होती, खोडली.

मला खटकतं ते एवढंच की जाताना सहा वर्षांसाठी दोन ओळी. प्रेक्षकांशी चार शब्द बोलायला काय जात होतं?

---

आकडेमोड | ३० डिसेंबर

वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाले (मुंबई सिटीचे पाठीराखे) ढोल घेऊन येतात ते काय ताळेबंद वाचून येतात का? चार शब्द हवेच होते. सहमत.

---

बाकावरचा | ७ जानेवारी २०२६

धागा वर काढतोय. काल क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं: आयएसएल १४ फेब्रुवारीपासून, चौदाही क्लब खेळणार, एकूण ९१ सामने. प्रत्येकाशी एकदाच, म्हणजे आपले १३.

---

तिसरा मजला | ७ जानेवारी

तेरा सामन्यांत चुका सुधारायला वेळ नसतो. दोन पराभव लागोपाठ झाले की हंगामाचा सातवा भाग गेला. आणि गेल्या वर्षीसारख्या बरोबऱ्या केल्या तर तळाच्या भानगडीत अडकू. क्रात्कीने मागून बांधणीचा हट्ट सोडून पहिल्या पाच सामन्यांत सरळ छांगटेच्या पुढच्या जागेत चेंडू टाकावा. देखणं नसेल, चालेल.

---

मडगावकर | ७ जानेवारी

फातोर्ड्याला येणार की आम्ही अंधेरीला यायचं?

---

करारनामा | ८ जानेवारी

वेळापत्रक आलं की कळेल. तेरा म्हणजे घरचे सहा किंवा सात. सात मिळाले तर तिकिटांचं गणित थोडं बरं बसेल, सहा मिळाले तर मैदानाचं भाडं तेवढं वाचेल. मडगावकर, आलात तर मेट्रोने या, सामन्याच्या दिवशी त्या रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही.